ताईच्या हातची शेवटची चकती

मी सोडियमची चकती. थोड्याच वेळात मला अल्कोहोलच्या भांड्यात सोडतील, मग चार बुडबुडे येतील आणि मी विरून जाईन. त्याआधी मनातलं बोलून घेते.

आमचं माहेर म्हणजे साधं मीठ. म्हणून स्वस्तातली बॅटरी करायची म्हटली की माणसांना आमची आठवण येते. पण आमचा स्वभाव भलता तापट, पाण्याचा थेंब दिसला की पेटलोच! त्यामुळे मुक्काम तेलाच्या बरणीत, आणि ती बरणी कोरड्या वायूने भरलेल्या काचपेटीत. पेटीला रबरी हातमोजे जोडलेले असतात. बाहेर उभं राहून त्यांत हात घालायचे आणि आतलं काम करायचं.

ते हात ताईचे होते. प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणायचे, तिच्याहून मोठे असलेले, प्रयोगशाळेचे प्रमुख सरसुद्धा. तिच्यासोबत एक तरुण संशोधक होती, तिला ताई धाकटी म्हणायची. हात पेटीत अडकले की ताईचा चष्मा हमखास घसरायचा.

"ए धाकटे, चष्मा वर कर गं माझा."

"ताई, दोरी बांध त्याला एकदाची."

"मग तुला काय काम उरेल?"

आमचं दुखणं तुम्हाला सांगायला हवं. बॅटरी चार्ज होताना सोडियम माझ्या अंगावर येऊन बसतं, वापरताना निघून जातं. हे येणं-जाणं सुरळीत झालं तर संसार चालतो. पण ते एकसारखं बसत नाही. त्याचे काटे उगवतात, बॅटरीच्या दोन बाजूंमधल्या पातळ पडद्यातून आरपार जातात आणि सेल, म्हणजे ती छोटी बॅटरी, मरतो. माझ्या कितीतरी बहिणी अशाच गेल्या. ताईचं म्हणणं, दोष सोडियमचा नाही, ते ज्या द्रावणात राहतं त्याचा आहे. "कुणाला तापट म्हणण्याआधी त्याला ठेवलंय कुठे ते बघा," असं ती सरांना सुनवायची. तिला असं द्रावण हवं होतं, की माझ्या अंगावर दुधावर धरते तशी पातळ, सलग साय धरेल. त्या सायीपायी तिने उमेदीची वर्षं घातली.

एकदा धाकटी जेवायला गेली होती. दुसऱ्या एका चकतीची कातरण पेटीत उरली होती. ती निराळ्या बरणीत टाकून द्यायची असा तिथला नियम. पण ताईला काही टाकवत नसे. तिने एक कातरण नव्या द्रावणाच्या बाटलीत सोडली. "राहा इथे. उरलंसुरलं पाणी पिऊन टाक," म्हणाली. मी शेजारच्या बरणीतून बघत होते. बरेच दिवस ती कातरण तिथेच राहिली. मग ताईने ती काढून टाकली आणि ते द्रावण घालून आम्हा तीन चकत्यांना एकेका डबीत बंद केलं, असे तीन सेल तयार झाले. कातरणीचं ती कुणाला बोलली नाही, वहीतही लिहिलं नाही. तिच्या लेखी ते भाजीवर झाकण ठेवण्याइतकं साधं होतं.

तिघींतली एक बंद करतानाच चेपली. दुसरीला कुणीतरी चार्ज करायच्या यंत्रावर उलटं लावलं, बिचारी लगेच गेली. मला लावताना ताई हळूच म्हणाली, "जा बाई, सांभाळून राहा."

मी राहिले. ताई मात्र छातीत दुखतंय म्हणून एका दुपारी लवकर घरी गेली, ती परत आलीच नाही.

धाकटीने तेच मीठ, तेच द्रव, तेच प्रमाण घेऊन पुन्हा पुन्हा द्रावण केलं. सेल जरा चालायचे आणि काटे येऊन मरायचे. मी चालतच होते. रोज सकाळी ती यंत्रापाशी यायची आणि विचारायची, "आहेस ना गं?" मला सगळं ठाऊक होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. सुरीने कापलं तेव्हासुद्धा मला इतकं दुखलं नव्हतं.

शेवटी सर म्हणाले, "एकच सेल चालला तर लोक त्याला योगायोग म्हणतात. पुन्हा जमत नसेल तर ताईंचं काम इथेच थांबवावं लागेल. तो उघड, आतली साय तपासू."

"उघडला की मरेल, सर."

"माहीत आहे मला."

"ताईच्या हातचं एवढंच उरलंय हो."

मी आत ओरडत होते, उघड गं वेडे, उघड मला!

तिने उघडलं. काचपेटीत माझी डबी फोडली आणि मला चिमट्याने उजेडात धरलं. अंगावर एक काटा नव्हता. "ताई, बघ ना किती गुळगुळीत," एवढं म्हणाली आणि रडू लागली. हात मोज्यांत अडकलेले, त्यामुळे तिला डोळेही पुसता येईनात.

माझा एक तुकडा तपासला. सायीत असं काहीतरी सापडलं जे द्रावणात कुणी घातलेलंच नव्हतं. सर म्हणाले, "सेल बनण्याआधीच हे द्रावण सोडियमजवळ राहिलेलं दिसतंय." धाकटीला काही उमगेना. मग नवी चकती पाडताना तिने उरलेली कातरण उचलली आणि तिचा हात टाकायच्या बरणीवर थबकला. "टाकवत नव्हतं गं तुला," ती पुटपुटली. तिने ती कातरण द्रावणाच्या बाटलीत सोडली.

बऱ्याच दिवसांनी त्या द्रावणाचे सेल यंत्रावर चढले, आणि आजही माझ्या बहिणी काटे न येता शांत चालल्या आहेत. आता पेटी आवरताना माझे उरलेले तुकडे तिच्या चिमट्यात आहेत.

धाकटे, मला फोडलंस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या हाताखाली कुणी येईल तिला कातरणीचं सांग, तोंडाने सांग. आणि तुझा चष्मा घसरलाय बघ नाकावर. मला हात असते तर मीच वर केला असता.