सुरगाठ की निरगाठ?

मी नाडी बोलतेय. हसताय काय? पायजम्याची नव्हे, बुटाची. शाळेच्या काळ्या बुटाची, डाव्या पायाची. माझा संताप झालाय आणि तो ऐकून घेतल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.

कारखान्यात धाग्यांची वीण घालून, टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या चढवून मला घडवलं. दुकानातून आले ती थेट भिंगरीच्या पायात. भिंगरी दुसरीत. एका जागी पाय ठरत नाही म्हणून आईनं ठेवलेलं नाव.

तिला सुरगाठ काही जमायची नाही. घाईघाईत निरगाठ मारायची, तीही दुहेरी. संध्याकाळी आई फरशीवर बसून नखांनी, कधी दातांनी मला सोडवायची. "बाई गं, तुझ्या या गाठी एक दिवस माझा जीव घेणार!" म्हणायची, आणि दोघी खिदळायच्या.

माझं घर दाराजवळच्या चपलांच्या मांडणीत. तिथं माणसांची एक खोड मला कळली. आत बसून हवापाण्याच्या गप्पा मारतात, आणि खरं काय ते चपला घालताना कुजबुजतात. भिंगरीची आत्या सँडलचा पट्टा लावता लावता बाबांना म्हणाली, "वहिनीच्या छातीतली ती गाठ, ते ऑपरेशन, सगळं आपल्यातच राहू दे. पोरीला अवाक्षर बोलू नकोस. आई दमलीय, एवढंच सांग."

पोरगी दाराआडच उभी होती. तिला काय कान नाहीत?

दुसऱ्या दिवसापासून भिंगरीनं मला बांधणंच सोडलं. मी फरफटत शाळेत, फरफटत घरी. टोपी गेली, धागे सुटले. शाळेत बाई ओरडल्या, घरी बाबा ओरडले, "एवढी घोडी झालीस, नाडी बांधता येत नाही?" का बांधत नाहीस, असं एकानं तरी विचारलं असेल तर शपथ!

ऑपरेशन होऊन आई घरी आली. तिला एकच घोर, पोरीला सांगू कसं? आणि सांगताना रडू फुटलं तर? म्हणून तीही गप्प. तिच्यावर राग धरवत नाही मला, पण आला होता, खोटं कशाला बोलू.

एका सकाळी माझ्यावरच पाय पडून भिंगरी जिन्यात कोसळली. हनुवटी फुटली. आत्या कडाडली, "फेकून द्या ती नाडी!" वा! सापडले ती मीच.

आई धडपडत आली, पायरीवर बसली. ऑपरेशनच्या बाजूचा हात उचलत नव्हता, तरी मला बांधायला वाकली. भिंगरीनं पाय मागे ओढला.

"नको! गाठ नको! तूच म्हणाली होतीस, माझ्या गाठी तुझा जीव घेणार. घेतायत ना?"

"अगं, काहीतरीच काय, आईला काही झालेलं नाही..." आत्यानं सुरू केलं.

"वन्सं, पुरे!" आई म्हणाली. इतका मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मग तिनं पोरीला कुशीत ओढलं. "ती गाठ वेगळी, सोन्या. माझ्या छातीत आपली आपण झाली. कॅन्सर म्हणतात त्याला. तुझ्यामुळे नाही झाली. नाडीमुळे तर नाहीच नाही."

भिंगरीनं नाक पुसलं. "सुरगाठ होती की निरगाठ?"

आईला हसूही आलं आणि रडूही. "निरगाठ. डॉक्टरांनी कापून काढली."

"परत होईल?"

"होऊ नये म्हणून औषध चाललंय. नक्की मलाही सांगता येत नाही. पण जे कळेल ते तुला सांगेन, आणि मीच सांगेन."

आता मी पार झिजलेय. बाबा नवी आणू म्हणतात, भिंगरी ऐकत नाही. मोठ्या माणसांनो, मला हात नाहीत, म्हणून टोकं जोडून सांगते. चपला घालताना कुजबुजू नका. पोरं तिथंच उभी असतात आणि सगळा दोष गुपचूप स्वतःच्या माथी मारून घेतात. आत बसा, त्यांना समोर घ्या आणि नीट सांगा.

चला, सोडते तुम्हाला. शाळेची वेळ झाली. आई पायरीवर येऊन बसलीय. तिचा एक हात अजून वर जात नाही, पण वेढा दाबून धरायला दुसऱ्या हाताचं बोट पुरतं. पहिला वेढा घालून झाला की भिंगरी थांबते आणि म्हणते, "आई, बोट ठेव."