उजव्या खांद्यावर

“लाव फोन,” बाबा म्हणाले, तेव्हा माझ्या हातातलं तिळाचं ताट कलंडता कलंडता राहिलं.

फोनवरून तर्पण सांगायला बाबांनी जन्मभर नकार दिला. पुण्या-नागपूरचे यजमान गयावया करायचे, पण बाबांचं पालुपद एकच, फोनला गोत्र नसतं. रामघाटावरचे बाकीचे गुरुजी फोन लावून मोकळे व्हायचे आणि आमच्या घरी मात्र तत्त्व नांदायचं. आई असती तर म्हणाली असती, नरमले बाई एकदाचे नीलकंठशास्त्री! पण आज तिचंच वर्षश्राद्ध होतं.

माझा भाऊ निनाद मलेशियात, पेनांगच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात असतो. आई गेली तेव्हा तो वेळेत पोचला नाही. वर्षश्राद्धाला नक्की येतो म्हणाला होता, तिकीटही काढलं होतं. मग अमेरिकेने चीनला जाणाऱ्या चिप अडवल्या आणि याच्या कारखान्यातलं काम आटलं. माणसं कमी करायला लागले, त्यात रजेवरची आधी. गेटासमोरच्या खानावळीसुद्धा ओस पडल्यात म्हणे. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याच्याच पोटावर पाय आला. मला दोन्ही देशांचा संताप येतो, पण सांगू कुणाला?

श्राद्ध बाबांना स्वतःला करता आलं असतं. पण ते म्हणाले, तिचे डोळे शेवटपर्यंत दाराकडे होते, पाणी त्याच्याच हातचं हवं.

घाटाच्या पायरीवर मी फोन टेकवून ठेवला. पडद्यावर निनाद कारखान्यामागे, जेवणाच्या सुट्टीत, सदरा काढून बसला होता. समोर पाण्याचा ग्लास, गळ्यात ओळखपत्राची फीत. जानवं नव्हतं.

“बाबा, आत सूत चालत नाही. तंतू उडतात, माल खराब होतो,” तो खाली मान घालून म्हणाला. “उतरवावं लागलं.”

आता बाबा फोन बंद करणार, अशी माझी खात्रीच होती. ते त्या फितीकडे बघत राहिले. ती गळ्यात राहावी म्हणूनच तर तो आला नव्हता.

“फीत डाव्या खांद्यावर घे,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी संकल्प सुरू केला.

आईचं नाव त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं करत घेतलं. मी रडले.

“आता अपसव्य कर, बाळा.”

निनादने फीत उजव्या खांद्यावर घेतली. कार्डावरचा त्याचा फोटो कमरेशी लटकत राहिला, आणि त्याने आईला पाणी सोडलं.