सरत्यामागं चालणारी

"सहा वर्सं तुमच्या हापिसानं माझ्या रानातली माती पिशव्या भरभरून नेली. ती राखनारीला एकदा तरी इचारलं का?"

नूरमहंमदनं तिफणीच्या दोरीची गाठ दातानं आवळली. बांधावर कृषी खात्याचे अमृत साहेब माती तपासणीचा अहवाल घेऊन उभे होते.

"चाचा, अहवाल चांगलाय. तुमच्या मातीत जितके जिवाणू जिवंत आहेत तितके गावात कुठंच नाहीत. करडईचा एकरी उताराही इतरांपेक्षा जास्त. हरभऱ्यात करडई बरेच जण पेरतात, पण तुमच्या करडईच्या ओळी दर साली जागा बदलतात. कशाच्या हिशेबानं, तेवढं सांगा. पत्रक काढायचंय."

"हसीनाला इचारा."

साहेबांनी घराकडं पाहिलं.

"तिकडं न्हाई. पोळ्याच्या आधी गेली ती."

साहेबांनी नजर अहवालाकडं वळवली. मग हळूच म्हणाले, "पिशवीवर खातेदाराचंच नाव लागतं, चाचा. सातबाऱ्यावर त्या नव्हत्या."

"तुमचा मानूस माती न्यायला यायचा, तवा त्याला च्या कोन द्यायचं? खातेदार?"

सातबाऱ्यावर नसलेल्या हाताची नोंद कुठल्या रकान्यात करायची, हे कुठल्याच हापिसाला शिकवलेलं नसतं. साहेबांनी अहवाल दुमडला आणि गाडीला किक मारली.

नूरमहंमद बैलांकडं वळला. तीस वर्षं पेरणी अशीच चालली. त्याची मूठ बी सोडायच्या चाड्यावर, नजर बैलांच्या शिंगांवर. मागं हसीना, हातात सरता. तिफणीला दोरीनं बांधलेली बांबूची नळी. तिफणीतून हरभरा पडायचा, सरत्यातून ती करडई सोडायची. मधेच "थांबा" म्हणायची. वाकून चिमूटभर माती हुंगायची, सरता दुसऱ्या तासाला, म्हणजे दुसऱ्या ओळीला, बांधायची आणि म्हणायची, "चला." तो थांबायचा, चालायचा. मागं वळून बघायचं त्याला कधी काम पडलं नाही.

आज सरता आलियाच्या हातात होता. आईच्या मयतीला आलेली लेक, पेरणीपुरती राहिली होती.

"अब्बा, अम्मी कुटनं सुरू करायची?"

"सरता बांध कुटंबी."

"कुटंबी कसं? गेल्या साली करडई कोनत्या तासात हुती?"

नूरमहंमद वाकला. त्यानं मूठभर माती उचलून नाकाशी नेली. मातीचा वास आला. नुसता मातीचा. त्यानं पुन्हा हुंगून पाहिलं, थोडं पुढं जाऊन तिथली उचलली. तिचाही तोच.

हात झटकून तो चाड्यापाशी आला.

"चल. उशीर हुतोय."

आलिया जागची हलली नाही.

"सायबानं सहा वर्सं इचारलं न्हाई. तुमी तीस वर्सं तिच्या म्होरं चाललात."

त्यानं कासरा उचलला. बैलांनी पाय उचलले, पण मागून आलियानं सरत्याची दोरी ओढून धरली होती.

"तुमी इचारलं हुतं का, अब्बा? मी तुमालाच इचारतेय."