दाराजवळच्या पोत्यातला नमुना

मित्रांनो, पोटात ठेवून ठेवून मी गंजत चालले आहे, म्हणून आज बोलतेच. मी एक जुनी परखी. हातभर लांब, टोकदार, पोकळ पोलादी नळी. पोत्यात खुपसली की आतला माल माझ्या पोटात उतरतो. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका लेथवर माझा जन्म झाला. तिथून मी अंबरनाथला, मोरिवलीजवळच्या एका प्रयोगशाळेत आले. तिथे गुरांच्या खाद्यात बुरशीचं विष आहे का, युरिया मिसळलाय का, हे तपासतात.

मला चालवायचे अनंताकाका. थप्पीच्या वरची, मधली, खालची, भिंतीकडची अशी दहा पोती काढायची आणि प्रत्येकात मला मुठीपर्यंत खुपसायचं, हा नियम. काका माकडासारखे थप्पीवर चढत. त्यांचा नमुना डोळे मिटून घ्यावा, असं सगळे म्हणत. तेव्हा मी काय मिरवले होते म्हणून सांगू!

मग काकांचे गुडघे गेले. घरी बसवतील या भीतीने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दाराजवळच्या, कमरेइतक्या उंचीच्या पोत्यांतच ते मला खुपसू लागले. नोंदवहीत मात्र ‘थप्पीच्या सर्व भागांतून’ असंच लिहीत. मला राग यायचा, पण नळीचा राग कोण ऐकतो?

गेल्या भाद्रपदात बदलापूरच्या एका गोदामातली शेंगदाण्याची पेंड आम्ही अशीच आणली. मागच्या भिंतीला ओल होती, तिकडे आम्ही फिरकलोच नाही. प्रयोगशाळेत तपासणी करणाऱ्या मनालीताईंनी नमुना मन लावून तपासला. दाराजवळचा माल चांगला होता, अहवाल चांगला गेला.

महिन्याभराने खरवई गावची तुळशी डब्यात त्याच गोदामातली मूठभर पेंड घेऊन आली. तिची एकुलती दुभती म्हैस पाचव्या महिन्यात गाभडली होती आणि आता वैरणीला तोंड लावत नव्हती.

“दुकानदार तुमचाच कागद दाखवतो,” ती म्हणाली. “कागदावर पेंड चांगली हाय, मंग माजी म्हस कशानं पडली?”

ताईंनी लगेच तपासणी लावली. विष मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. प्रयोगशाळेचे प्रमुख शिवराम साहेब म्हणाले, बाईच्या घरी ओल लागली असेल, आपला अहवाल आपल्या नमुन्यापुरता खरा आहे. पण त्याच थप्पीतली चाळीस पोती अजून विकायची होती. ताई काकांकडे वळल्या.

“काका, भिंतीकडची पोती काढली होतीत ना?”

काका मला पुसत होते. ‘हो’ म्हटलं असतं तर तुळशी डबा उचलून परत गेली असती आणि काकांची नोकरी राहिली असती.

“नाही पोरी,” शेवटी ते म्हणाले. “गुडघा वळत नाही. सहा महिने दारातलीच काढतोय.”

त्याच दुपारी विक्री थांबली. सहा महिन्यांचे अहवाल पुन्हा उघडले. काकांची नोकरी गेली आणि तिसऱ्या दिवशी म्हैसही गेली. काका माफी मागायला खरवईला गेले. तुळशीने शिवी दिली नाही, चहा दिला. मला ताईंच्या ताब्यात द्यायला आले तेव्हा तिचं बोलणं सांगताना त्यांना रडू आवरेना. ती एवढंच म्हणाली होती, “पोरांनी महिनाभर त्याच म्हशीचं दूध पियालंय. त्याचा कागद कोन देनार?”



मित्रांनो, आता ताई मला घेऊन थप्पीवर चढतात. माझी एकच विनवणी आहे. गुडघा दुखत असेल तर दुखतो म्हणा, त्यात कसली लाज? आणि ज्या पोत्यापर्यंत हात पोचला नाही, ते तपासलं नाही असंच लिहा. तुळशीला त्या कागदावर तेवढं एक वाक्य वाचायला मिळालं असतं, तर तिने ती पेंड गोठ्यात नेलीच नसती.