नारिंगी सापाचा रंग

स्वरूपने काचेच्या पेटीतून आणलेला साप इतका नारिंगी होता, की नेत्राला तो खरा वाटेचना. काशीमीऱ्याचा कोणी गॅरेजवाला गावी चालला होता, त्याने दिलेला.

“कॉर्न स्नेक आहे. मूळचा अमेरिकेचा, मक्याच्या कोठारांत उंदीर खाणारा. विष नसतं,” स्वरूप म्हणाला. “याच्यात लोकांनी नाना रंग काढलेत. ह्याच्या अंगात जन्मापासून काळा रंगच नाही, म्हणून असा पेटलेला दिसतो.”

“अमेरिकेचा, आन् काशीमीऱ्याला घावला?” सासूबाईंनी पदर खोचला. गोदूबाईंची उभी हयात भाईंदरच्या मासळीबाजारात गेलेली. “इखारी फुरशाला रंग फासून दिला नसंल कशावरून?”

नेत्राने पेटीचं झाकण दाबून पाहिलं. समिधा नुकती रांगायला लागलेली. दिसेल ते तोंडात घालायची. त्या दिवसापासून नेत्रा लेकीला पाजताना नजर पेटीवरच ठेवून बसायची. आणि खरंच, साप फिकटत चालला होता. राख चोळल्यासारखा.

स्वरूप कामावर गेल्यावर तिने सासूबाईंना दाखवलं. “आई, रंग उतरतोय बघा.”

“शिळ्या माशाच्या कल्ल्यांना लाल लावतात ना, त्यातलाच परकार. वला फडका दे. रंग सुटला तर सांजच्याला सर्पमित्राला बोलवू. आन् त्याच्यासंगं तुझ्या नवऱ्याला पन धाडू.”

“अहो, चावला तर?”

“मुंडी माज्या मुठीत हाय. सापावानी वळवळती वाम मासळी धरलीय कवा तू?”

समिधाला कडेवर घट्ट धरून नेत्रा दारातच थांबली. गोदूबाईंनी सापाच्या तोंडावरून फडका फिरवला. फडक्याला काहीतरी पापुद्र्यासारखं चिकटलं.

“सुटला!” नेत्रा किंचाळली.

गोदूबाई हलक्या हाताने ओढत राहिल्या. उलटा मोजा निघावा तसा शेपटीपर्यंत सगळा पापुद्रा निघाला. खिडकीशी धरला, तर त्यात नारिंगीचा टिपूस नाही. पलीकडची बिल्डिंग दिसत होती. आणि हातातला साप पहिल्या दिवसापेक्षा लालबुंद. पोटावर कणसाच्या दाण्यांसारखे चौकोन.

गोदूबाईंनी पुन्हा फडका घासला, उलटा करून पाहिला, हुंगलाही. कोरा.

“कात टाकली मेल्यानं.” त्यांचा आवाज जरा पडला. मग त्यांनी निकाल दिला, “ताजा हाय.”

संध्याकाळी स्वरूपने बिचकतच विचारलं, “ठेवायचा ना?”

“राहू दे,” नेत्रा म्हणाली, आणि ओट्याखालचा वरवंटा आणून पेटीच्या झाकणावर ठेवला. “रंगाचं पटलं मला. विष नाही हे त्या गॅरेजवाल्याचं म्हणणं अजून पटायचंय.”