ताटाचं पाप

इंद्रलोक वसाहतीतल्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पापडवाल्या, शिलाईवाल्या, केकवाल्या, सगळ्या बाया धंद्यात देव आणायला आल्या होत्या. स्टेजवर उद्योगानंद महाराज. अंगात भगवं, कानाला माइक, तोंडात निम्मं इंग्रजी.

"धंदा म्हणजे सेवा! सेवा म्हणजे प्रॉफिट! जिच्या धंद्यात सेवा नाही, तिच्या हातावर रक्त आहे. माझं गंगाजल ते दाखवतं!"

आणि दाखवत होतं. चेले आधी प्रत्येकीच्या तळव्याला पिवळा लेप फासत, मग महाराज तांब्यातलं पाणी ओतत. जिनं आपलं दुकान महाराजांच्या संस्थेला दिलंय, तिचा हात पिवळाच राही. बाकीच्यांचा लालभडक. बाया रडत आणि तिथल्या तिथे दुकानाची चावी महाराजांच्या पायाशी ठेवत.

माझी सून क्षितिजा शांतीनगरात मसाल्याचं दुकान चालवते. एकटीनं उभं केलंय. तिचा हात लाल झाला आणि पोरगी पांढरी पडली.

"आई, मी कुणाचं वाईट केलंय का हो?"

"तू? वरच्या मजल्यावरच्या म्हातारीला रोज फुकट डबा देतेस, आनि वाईट?"

"मग हे लाल कसं?" तिनं पर्समधून चावी काढली.

शेजारची हंसाबेन, खाखरेवाली, पिवळा हात नाचवत म्हणाली, "दे दे बेटा! मी पण दिला. आता मी फक्त सेवा करते."

"आनि गल्ल्यावर कोन बसतं?" मी विचारलं.

"महाराजचा भाचा."

माझी पाळी आली. चेल्यानं लेप फासला, आणि पाणी पडायच्या आधीच माझी दोन बोटं लाल! चेला दचकला.

"माताजी, आपका पाप बहुत पुराना है!"

"पाप न्हाय रे मेल्या, चुना हाय!"

मी राई गावची. तंबाखू मळूनच हॉलमध्ये शिरले होते. हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू तसंच करतात. मी हंसाबेनचा हात ओढून हुंगला. चंदन! दोन्ही पिवळं, कोण बघतंय? दुकान दिलेलीला चंदन, न दिलेलीला हळद. तांब्यात बोट घालून जिभेला लावलं. चुन्याची निवळी. ती चव मला शिकवायची?

मी चेल्याकडून हळदीचं ताट हिसकावलं आणि त्यावर अख्खा तांब्या उपडा केला. ताट लालेलाल.

"महाराज, या ताटानं कोनाला लुबाडलंय?"

हॉल खदखदून हसला. महाराज माइकवर हात ठेवून पुटपुटले, "माताजी, श्रद्धा ठेवा."

"ठेवलीय. चावी न्हाय ठेवनार."

क्षितिजानं चावी मुठीत आवळली. हंसाबेन मात्र "मारी दुकान! माझा दुकान!" ओरडत स्टेजवर चढली, आणि तिच्यामागे बाकीच्या. महाराज मागच्या दारानं गेले. चपला राहिल्या.

बायांनो, देव माना. गावदेवीला नारळ मीही फोडते. आपल्या कमाईतून भुकेल्याला घाला, धंदा सचोटीनं करा, त्याहून मोठी पूजा मला ठाऊक नाही. पण दुसऱ्याला द्यायचं तर आपलं दुकान आपल्या हातात लागतं. तुमचं पाप दाखवून जो चावी मागतो, त्याला म्हणा, आधी तुझा हात हळदीत घाल आणि त्यावर तुझंच पाणी ओत. नाही घातला, तर उठा आणि दुकान उघडा.