सुंदराचं खरं वजन

मित्रांनो, चौक गावच्या भातगिरणीमागच्या पडवीत कोंबड्यांनी घाण करून ठेवलेला एक गंजका वजनकाटा आहे. तो मी. माझी लोखंडी फळी एका बाजूला खचली आहे, दांडीवरचे आकडे पुसट झाले आहेत आणि ज्या हुकाला वजनं लटकवायची त्या हुकाला कुणीतरी तुटकी चप्पल अडकवली आहे. माझी गोष्ट गोड नाही. ती आठवली की मला अजून शिसारी येते. पण तुम्हीही मोठेपणी कशाचं ना कशाचं, कुणाचं ना कुणाचं वजन करालच, म्हणून सांगतो.

मुंबईच्या एका कारखान्यात मी तयार झालो. मण आणि शेर जाऊन किलो आला होता. १९६१ साली गिरणीच्या म्हाताऱ्या मालकाने मला ट्रकात घालून चौकला आणलं. अंगाला हिरवा रंग, पितळेची दांडी आणि कडेला वजनमाप खात्याचा शिक्का. आजूबाजूच्या गावांतून शेतकरी भात घेऊन येत. फळीवर पोतं ठेवायचं, हुकाला वजनं लटकवायची, दांडी सरळ उभी राहिली की आकडा वाचायचा. म्हातारा तो आकडा मोठ्याने सांगत असे आणि शेतकऱ्याला वाकून बघायलाही लावत असे. त्या काळात मला माझा अभिमान होता.

म्हातारा गेला आणि गिरण त्याच्या मुलाकडे, आबाजीकडे आली. एके दुपारी दार लोटून आबाजी आणि त्याचा मापाडी पदू माझ्या वजनांजवळ बसले. मापाडी म्हणजे पोत्यांचं वजन करणारा माणूस. दोघांनी त्या वजनांना खालून भोकं पाडली, आत वितळलेलं शिसं ओतलं आणि वरून काळा रंग फासला. वजनं जड झाली, त्यामुळे शंभर किलो भात ठेवलं तरी मी पंचाण्णव दाखवू लागलो. तपासनीस येणार असला की पदू कपाटातून चांगली वजनं काढी. तो गेला की पुन्हा ती काळी वजनं. मित्रांनो, तोंडात घाण कोंबून वर बोलायला लावावं, तसं मला दहा वर्षं झालं.

आता सुंदराबद्दल सांगतो. ती आबाजीची धाकटी बहीण. तिचा नवरा खोपोलीला कारखान्यात होता, तिथेच अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. ती भावाकडे परत आली आणि गिरणीत कामाला असलेल्या मोतीबाईबरोबर तांदळातली कणी पाखडायला बसू लागली. आली तेव्हा ती चारचौघींसारखी होती. पुढच्या सात-आठ वर्षांत तिचं अंग वाढत गेलं. गिरणीच्या तीन पायऱ्या चढली तरी तिला भिंतीला हात लावून उभं राहावं लागे. फार भरलेलं पोतं उचलताना पदू म्हणे, "सुंदराबाय आली रं, चौघं या." हमाल हसत. शेतकरी हसत. आबाजीला ऐकू येत असे, पण तो सुपारी कातरत बसे.

१९८४ च्या दिवाळीनंतर तिचे गुडघे सुजले. कर्जतच्या डॉक्टरांनी तपासलं तर रक्तात साखरही निघाली. त्यांनी भावाबहिणीला एका नव्या ऑपरेशनबद्दल सांगितलं. मुंबईत परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर होते. ते पोट उघडून जठराच्या वरच्या भागाला पट्टा बांधत. मग वाटीभरच अन्न मावतं आणि वजन उतरतं. आपल्याकडे असं ऑपरेशन अजून फार जणांचं झालेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. आधी तिचं वजन कळवायला हवं होतं. पण कर्जतच्या दवाखान्यातला काटा एकशेवीसवर संपत होता आणि सुंदरा उभी राहिली तशी त्याची सुई टोकाला जाऊन अडकली. "तुमच्या गिरणीत मोठा काटा आहे ना?" डॉक्टर म्हणाले. "त्याच्यावर करा आणि मला कळवा."

आबाजीने तिला दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर आणलं. सुगीचे दिवस होते, गिरण माणसांनी भरली होती.

"दादा, गिरण बंद झाल्यावर करू," सुंदरा हळूच म्हणाली.

"कशाला? दोन मिंटाचं काम हाय. पोती उतरतायत तवर होऊन जाईल."

तो दुष्ट नव्हता. त्याला फक्त बहिणीच्या जागी उभं राहून बघायची सवय नव्हती. सुंदराने चपला काढल्या आणि ती माझ्या फळीवर चढली. पदूने सावकाश एकेक वजन लटकवलं आणि लिलाव पुकारावा तसे आकडे पुकारले. शंभर. एकशेदहा. एकशेवीस. एकशे बत्तीसवर दांडी सरळ झाली.

"पावणेदोन पोती रं," पदू म्हणाला.

सगळे हसले. कुंभिवलीचा सखा नावाचा शेतकरी तर हसता हसता खाली बसला. पानाने लाल झालेली ती उघडी तोंडं मी खालून पाहत होतो. ओठांच्या कोपऱ्यात थुंकी, दातांच्या फटीत सुपारी. इतकी किळस मला उंदरांच्या लेंड्यांचीही कधी वाटली नाही. आणि त्याहून जास्त किळस स्वतःची वाटली, कारण तो आकडा खरा नव्हता, आणि हे मी सांगू शकत नव्हतो.

सुंदरा उतरली. जागेवर जाऊन बसली आणि एवढ्या जोराने पाखडू लागली की कणीबरोबर तांदूळही सुपाबाहेर पडायला लागला.

मुंबईच्या डॉक्टरांचं उत्तर आलं. आधी दहा किलो उतरवा, मग या. सुंदराने मनावर घेतलं. एक भाकरी, उकडलेली भाजी, बिनसाखरेचा चहा. सकाळी हायवेच्या कडेने ढाब्यांपर्यंत चालत जायची आणि गुडघे दाबत परत यायची. गिरण सोमवारी बंद असे. त्या दिवशी मोतीबाई वजनं लटकवी आणि सुंदरा माझ्यावर उभी राही. एकशेतीस, एकशे सत्तावीस, एकशे चोवीस. आकडा उतरला की दोघी लहान पोरींसारख्या एकमेकींचे हात धरत. माझ्या आयुष्यातले तेवढेच सोमवार मला बरे वाटले.

एकदा मोतीबाईने विचारलं, "पोट फाडून घ्यायची भीती नाय वाटत गं तुला?"

"वाटते की. पण गुडघं दुखतात." सुंदरा म्हणाली. "खरं सांगू? मला यकदा या गिरणीतून चालत जायचंय आन कुणी वर मान करून बघाया नाय पायजे."

मार्चमध्ये मी एकशे बावीस दाखवले. पुरे दहा किलो. कर्जतच्या डॉक्टरांनी तसं पत्रात लिहून दिलं आणि आबाजी तिला मुंबईला घेऊन गेला.

दोन दिवसांनी, सोमवारीच, ती परत आली. मोतीबाई कणीची पोती शिवत होती. सुंदरा माझ्या फळीवर येऊन बसली. तोंड उतरलेलं होतं.

"तिथं मला काट्यावर उबी केली," ती म्हणाली. "एकशे अठ्ठावीस भरलं."

"आसं कसं होईल?"

"मोठा डॉक्टर पत्र दाखवून बोलला, लिहिलंय दहा उतरले, उतरले चार. तुम्ही लोक चोरून खाता आन वर खोटं सांगता. शिकणारी पोरं व्हती दहा-बारा. सगळी बघत व्हती. म्हणाला, भुलीचं औषध वजनावर देतात, खोट्या वजनावर दिलं तर टेबलावरून उठायची नाय तुमी."

"आन आबाजी?"

"दादा माझ्या बाजूला उबा व्हता. जमिनीकडं बघत व्हता."

डॉक्टरांनी तरीही पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली होती. वॉर्डात तिला तपासणीसाठी आलेली पेणची एक बाई भेटली होती. तिचं हेच ऑपरेशन चौदा महिन्यांपूर्वी झालेलं. चाळीस किलो उतरली होती, जिने चढत होती. पण एक घास जास्त झाला की सगळं उलटून पडे. म्हणून ती शेजारी तसराळं ठेवून, भिंतीकडे तोंड करून जेवत होती. मला पस्तावा नाय, ती म्हणाली होती, पण मी आता माणसांत जेवाया बसत नाय.

मोतीबाई हातातली सुई पोत्यात टोचून जवळ आली. मग म्हणाली, "दर सोमवारी मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. तू चोरून खाल्लं नायस."

सुंदरा उठली. कोपऱ्यात खताची शिवलेली पोती होती, वर पन्नास किलो छापलेलं. दोघींनी एक ओढत आणून माझ्यावर टाकलं. साडेसत्तेचाळीस. दुसरं टाकलं. साडेसत्तेचाळीस. मोतीबाईने हुकावरचं वजन काढून उलटं केलं आणि खिळ्याने खालचा काळा रंग खरवडला. आतलं शिसं चकाकलं.

सुंदरा दारापर्यंत गेली आणि पायरीवर वाकून ओकली.

आबाजी चहा पिऊन आला तेव्हा ती तोंड पुसत उभी होती. ते वजन तिच्या हातात होतं.

"दादा, तुला म्हाईत व्हतं."

आबाजीने दार लोटलं. "हळू बोल. घरातली गोष्ट घरात राहू दे. तुझ्या आपरेशनचं मीच बघतोय ना?"

"डॉक्टर मला खोटारडी बोलला. तू उबा व्हतास."

"मग काय सांगू तिथं? माझा काटा खोटा हाय म्हणून?"

"हां," सुंदरा म्हणाली. "तेच सांगायचं व्हतं."

आबाजीने ते वजन तिच्या हातातून घेतलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि पुन्हा माझ्या हुकाला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरण भरलेली होती. शिमगा तोंडावर आला होता, लोक घरात साठवलेलं भात विकायला आणत होते. सुंदरा आली. चपला काढल्या, रांगेतून पुढे आली आणि कुणी सांगितलं नसताना माझ्यावर चढली. दोघेतिघे हसण्याच्या तयारीत होते.

"पदू, वजन कर."

पदूने आबाजीकडे पाहिलं.

"त्याच्याकडं काय बघतोस? वजन कर माझं."

त्याने वजनं लटकवली. दांडी सरळ झाली.

"मोठ्यानं सांग."

"एकशे बावीस," पदू पुटपुटला.

"समद्यांनी ऐका," सुंदरा म्हणाली. तिचा आवाज गिरणीच्या दारापर्यंत पोचत होता. "तीन दिवसांमागं मुंबईच्या इस्पितळात माझं वजन एकशे अठ्ठावीस भरलं. हितं एकशे बावीस भरतंय. तीन दिवसांत कुणी सहा किलो उतरत नाय. मी उतरली नाय. तुमची पोती पण अशीच हितं उतरत्यात."

कुणीही हसलं नाही. गिरणीच्या यंत्राच्या पट्ट्याचा आवाज तेवढा चालू होता. मग कुंभिवलीचा सखा पुढे आला. तोच, जो हसता हसता खाली बसला होता. त्याने हुकावरचं वजन काढलं, उलटं केलं आणि खरवडलेली जागा बाकीच्यांना दाखवली. पदू मागच्या दाराने निघून गेला. आबाजी जागेवरून उठलाच नाही. त्याच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला होता.

आठ दिवसांत तपासनीस आला आणि वजनं जप्त करून घेऊन गेला. माझ्या अंगावरचा शिक्का छिन्नीने तोडला आणि मला या पडवीत आणून टाकलं. गिरण एक सुगी बंद राहिली. आबाजीला शिक्षा झाली. नंतर तो गावोगाव फिरून शेतकऱ्यांच्या दारात तांदळाची पोती ठेवून आला. काहींनी घेतली, काहींनी त्याच्यासमोर दार लावलं. बहिणीशी तो गणपतीपर्यंत बोलला नाही.

पण त्याआधी ऑपरेशनचा दिवस आला. बोलत नसूनही आबाजीने टेंपो सांगून ठेवला होता. टेंपो बाहेर उभा होता. सुंदरा पिशवी घेऊन या पडवीत, माझ्या कडेवर बसली होती. शेजारी मोतीबाई होती. टेंपोवाल्याने दोनदा हॉर्न दिला.

"त्याला जा म्हणून सांग," सुंदरा म्हणाली.

"का गं? भ्याली?"

"भीती हायच. पण ती कालपण व्हती. मी निघाली व्हती ती लोकांच्या हसण्यापायी. त्या लोकांम्होरं मी माझा आकडा वरडून सांगितला. आता त्यांचं काय भ्या उरलं नाय. गुडघं उरल्यात. डॉक्टरला इचारलं व्हतं, गुडघं नक्की बरं होतील का. तो म्हणाला, नक्की सांगता येत नाय." तिने पिशवीची गाठ सोडली. "आन मला भिंतीकडं तोंड करून नाय जेवायचं."

मोतीबाई उठली आणि टेंपोवाल्याला परत पाठवून आली.

तिने ठीक केलं की चुकली, ते मला ठरवता येत नाही. या गोष्टीला तीन वर्षं झाली. सुंदराचे गुडघे सुधारले नाहीत, ती आता काठी घेते. कर्जतच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी साखर आटोक्यात आहे. दुपारी गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात बसून ती डबा खाते आणि तिचं बोलणं मला इथवर ऐकू येतं. तिचं वजन आज किती आहे ते मला माहीत नाही. आता तिला कुणी विचारत नाही.

मित्रांनो, मला रंग नको आणि तेलही नको. या कोंबड्यांचीही मला सवय झाली आहे. एकच मागणं आहे. शाळेत, दवाखान्यात, गिरणीत तुमच्यासमोर कुणी काट्यावर चढलं, तर आधी काटा खरा आहे का ते बघा. मग आकडा त्या माणसाला एकट्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात सांगा. आणि त्यानंतर तोंड मिटून ठेवा. तुमचं उघडं तोंड खालून कसं दिसतं, ते मी पाहिलं आहे.